पाण्यात धरलेली खोली

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या त्या घरात आम्ही राहायला गेलो, तेव्हा दारावर आमच्या नावाच्या आधी आमची घनता लागली. शाळेतली जुनी काळी पाटी होती, लाकडी चौकटीची, खिळ्याला सुतळीनं टांगलेली. तिच्यावर खडूनं वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: देश मोनॅको. लोकसंख्या २. क्षेत्रफळ १८० चौरस फूट. घनता १,१९,५९९.

माझ्या हातात गॅसची शेगडी होती, नवऱ्याच्या डोक्यावर गादी. टेम्पोवाला सामान टाकून निघून गेला नसता तर मी त्याच टेम्पोत बसून परत गेले असते. घरमालक पाटीखाली उभे राहून हातावरचा खडू झटकत होते. सत्तरीच्या आसपासचे, काडीसारखे बारीक, अंगात पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या खिशात मोजायची टेप. म्हणाले, हा आकडा दर चौरस किलोमीटरचा आहे, घाबरायचं काम नाही.

"दोन माणसांचे एक लाख एकोणीस हजार कसे झाले?" मी विचारलं.

"मानसं दोनच हायेत बाई, पन जागा केवढीशी हाय ते पाहा ना. लहानानं भागलं का उत्तर मोठं येते. तेच तं गंमत हाय."

एवढं बोलून ते निघून गेले. मी शेगडी कुठं ठेवावी ते शोधत बसले आणि नवरा गादी डोक्यावर तशीच ठेवून पाटी वाचत राहिला.

सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. गावोगावच्या हायस्कुलांत त्यांनी भूगोल शिकवला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण भूगोल काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. त्यातही त्यांचा जीव फक्त लहान देशांवर. चीन, अमेरिका, आपला भारत, हे त्यांच्या खिजगणतीत नव्हते. मोठ्या देशाचा विषय काढला की ते हात हलवायचे, माशी हाकलावी तसा. "मोठ्या देशात एक मानूस आला का गेला, आकड्याले समजतबी नाही," म्हणायचे. "लहान देशाले समजते."

घरात भाड्याच्या चार खोल्या होत्या आणि चारही देश होते. आम्ही मोनॅको. पलीकडे सॅन मारिनो, त्याच्या पुढे नाउरू, मागच्या अंगाला तुवालू. नळाला पाणी आलं की गुरुजी अंगणातून ओरडायचे, मोनॅको, बादल्या लावा. सुरुवातीला मला इतकी लाज वाटायची की विचारू नका. समोरच्या घरातली बाई मला "ओ मोनॅकोवाली भाभी" म्हणून हाक मारायला लागली तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. पुढं सवय झाली. दूधवाल्याच्या वहीत आमचं नाव मोनॅको असंच होतं आणि त्याला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं.

शिकवायला त्यांना कोणीही चालायचं. दूधवाला, मीटर वाचणारा, लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा. व्हॅटिकनचं उदाहरण त्यांचं ठरलेलं. तिथं माणसं हजाराच्या आत, आणि जागा अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा नाही. मग घनता किती? समोरचा माणूस बिचारा म्हणायचा, हजारापेक्षा कमीच असेल ना गुरुजी. गुरुजींचे डोळे चमकायचे. अर्ध्यानं भागलं की दुप्पट होते, अर्ध्याहून कमीनं भागलं की दुपटीच्याही वर. माणसांपेक्षा घनता मोठी. वर्गातली पोरं हे उत्तर बरोबर काढायची आणि मग घाबरून पुसून टाकायची, कारण भागाकार केल्यावर उत्तर मोठं येईल कसं? "सारी नोकरी गेली माझी," ते सांगायचे, "पोट्टे बरोबर उत्तर पुसून चुकीचं लिवत गेले, अन मी पाहत गेलो."

मला मात्र ते लवकर पटलं, आणि त्याचं कारण माझं काम. मी गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. आता मोजायला मशीन आहे, पण मशीन रुसलं की आम्ही काचेच्या पट्टीवरच्या बारक्या चौकटींत पेशी मोजतो. चौकटींत दिसतात शे-दीडशे आणि रिपोर्टमध्ये जातात हजारांनी. हे मी गुरुजींना सांगितलं तेव्हा ते ओट्यावरून उठून उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी आपलं रक्त द्यायला लॅबमध्ये हजर. आजार काही नव्हता, त्यांना फक्त आपल्या आतली घनता पाहिजे होती. रिपोर्ट त्यांनी घडी करून टेपच्या शेजारी खिशात ठेवला आणि पुढं महिनाभर दिसेल त्याला दाखवला.

टेप खिशातून निघाली नाही असा दिवस गेला नसेल. शेअर ऑटोत बसले की सीट मोजायचे. लग्नाला गेले की मांडव पावलांनी मोजायचे, पंगतीवर नजर फिरवायचे आणि गर्दी त्यांच्या हिशेबाच्या वर गेली की सरळ बाहेर येऊन आचाऱ्यांजवळ बसायचे. सगळे उठून गेल्यावर जेवायचे. नवरीचा बाप हात जोडून बोलवायला आला तरी आत जायचे नाहीत. लोक म्हणायचे, म्हातारा सटकला. बिरसीच्या वैमानिक शाळेतली शिकाऊ विमानं आमच्या घरावरून घिरट्या घालायची. माझा नवरा तिथं विमानतळावरच इलेक्ट्रिशियन होता. विमान वर आलं की गुरुजी मान वर करून म्हणायचे, "पाहा, आकाशात केवढी जागा हाय." त्यांना त्या एकट्या विमानाचं कौतुक वाटायचं की दया यायची, मला कळलं नाही.

दोन गोष्टी मात्र मला पहिल्यापासून खटकल्या होत्या. एक, चारही देशांच्या दारांना पाट्या होत्या, गुरुजींच्या स्वतःच्या दाराला नव्हती. दुसरी, त्यांच्या बैठकीत भिंतीवर घराचा नकाशा होता, त्यांनीच काढलेला, प्रत्येक खोली वेगळ्या रंगात. त्यात आमच्या खोलीला लागून एक चौकोन निळा रंगवला होता. मी एकदा विचारलं, हे काय? "ते पानी हाय," म्हणाले. मला वाटलं, भिंतीमागे पाण्याची टाकी असेल. मी पुढं विचारलं नाही.

घराचा नियम एकच, पण तो पाटीवरच्या खडूसारखा पुसता येणारा नव्हता. माणशी नव्वद चौरस फूट. आमच्या एकशे ऐंशी फुटांत दोन माणसं म्हणजे दोनच. पाहुणा तीन दिवस चालेल, चौथ्या दिवशी तो लोकसंख्येत धरला जाईल. सॅन मारिनोत आमच्या आधीपासून एक जोडपं होतं. त्यांच्याकडे बाईचा भाऊ कामधंदा शोधायला आला आणि राहिला. गुरुजी काही बोलले नाहीत. एका संध्याकाळी त्यांची पाटी पुसलेली दिसली, कोरी काळी. दुसऱ्या सकाळी गुरुजी स्वतः ठेला घेऊन दारात उभे. दोन गल्ल्या सोडून त्यांनी मोठी खोली पाहून ठेवली होती, ती झाडूनसुद्धा ठेवली होती. त्यांचं कपाट ठेल्यावर चढवायला खांदा लावला, चहा पाजला आणि निरोप दिला. भांडण नाही, तंटा नाही. ते जोडपं ठेल्यामागे चालत गेलं ते मी खिडकीतून पाहिलं. त्या दिवसापासून पुसलेली पाटी म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं.

आणि मग आई पडली.

माझं माहेर अर्जुनी-मोरगावकडं. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांचे वंशज, हे आई कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगते. वडील गेल्यापासून ती एकटीच होती. मला भाऊ नाही. परह्यांच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने जिना चढायचा नाही, खाली बसायचं नाही आणि एकटं तर राहायचंच नाही. गावात तिला उठवून बसवणारं कोणी नव्हतं. येऊन जाऊन मीच.

आम्ही दुसरी खोली शोधली नाही असं नाही. आठ-दहा ठिकाणी फिरलो. कुठं खोली माडीवर, कुठं संडास अंगणाच्या टोकाला. एका ठिकाणी सगळं जमलं तर घरमालकीण म्हणाली, बिमार आदमी नही चाहिए. आमच्या खोलीला एकच पायरी होती आणि संडास घरातच, खुर्चीचा. इकडे दवाखाना आईला सुट्टी द्यायला निघालेला. मी नवऱ्याला म्हटलं, गुरुजींना सांगून पाहू का? तो म्हणाला, सांगितलं की पाटी पुसलीच समज, मग तिला घेऊन रस्त्यावर बसायचं काय? त्याचं काही चुकत नव्हतं. शेवटी आम्ही ठरवलं, न सांगता आणायची.

गुरुजी दुपारी तासभर झोपायचे. त्या तासात ऑटो आणला, नवऱ्यानं आईला जवळजवळ उचलूनच आत घेतलं आणि मी खिडकीचा पडदा ओढला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची तर, तीन माणसं धरली की, एक लाख एकोणऐंशी हजारांची झाली होती.

आता माझी आई म्हणजे हळू बोलणं काय असतं हे तिला जन्मात कोणी शिकवलेलं नाही. शेताच्या या टोकाहून त्या टोकाशी बोलणारी बाई. तिला मी तोंडावर बोट ठेवून दाखवायची, ती म्हणायची, "काऊन वो, मी काय चोरी करून आली काय?" मला तिच्यावर राग यायचा आणि रागावल्याबद्दल रडू यायचं. ज्या आईनं मला एकटीच्या जिवावर शिकवलं, तिला मी पडद्यामागं लपवून ठेवली होती. वॉकरच्या पायांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले, तरी तो फरशीवर टक टक वाजायचाच. वाजला की मी भांडी आदळायची. लॅबमध्ये पेशी मोजताना आकडा चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं. असे दहा दिवस काढले.

अकराव्या दिवशी सकाळी गुरुजी आमच्या खिडकीबाहेरच्या ओट्यावर बसले होते. समोर नाउरूमधली मुलगी होती. ती तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती आणि भूगोल अडला की गुरुजींकडे यायची. तिचा प्रश्न तुवालूचा होता, आमच्या मागच्या खोलीचा नव्हे, खऱ्या तुवालूचा. नकाशात तो देश भल्या मोठ्या कड्यांसारखा दिसतो, मग त्याचं क्षेत्रफळ एवढं कमी कसं? गुरुजी खुलले. सांगायला लागले की ती प्रवाळाची बेटं, जमीन म्हणजे नुसती काठाकाठाची चिंचोळी पट्टी, आत सगळं खारं पाणी. ते पाणी जमिनीच्या कितीतरी पट, पण घनता काढताना धरत नाहीत. "पान्यात कोनी राहते काय?" ते म्हणाले. "नाही ना? मंग भागाकारात कायले घ्याचं?"

मी आत पोळ्या लाटत होते. आई खिडकीजवळच्या खाटेवर. मला काही कळायच्या आत पडद्यामागून खणखणीत आवाज गेला.

"काऊन नाही घ्याचं जी?"

माझ्या हातातलं लाटणं पडलं.  माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. ती पुढं बोलत सुटली. आमच्या गावचा तलाव गावाहून मोठा हाय, आमच्या बापजाद्यायनं बांधला, वगैरे सगळं झालं. मग म्हणाली, "तुम्ही तलाव सोडून गाव मोजता तं गाव एवढंसं दिसते. पन तलाव काढून टाका ना, मंग पाहा किती मानसं राहून राहिली गावात. पानी गावाचं हाय तं गावात मोजा."

बाहेरून गुरुजींचा आवाज आला, एकदम सावकाश. "बाई, पान्यावर खाट टाकून कोनी झोपते काय?"

"झोपत नाही. पन त्याच्याच भरोशावर झोपते. त्याले मोजनीतून काढलं तं तुमची मोजनीच खोटी."

 नाउरूची मुलगी पुढं मला सांगत होती की गुरुजी नुसते पडद्याकडे बघत बसले होते. मग त्यांनी विचारलं, "पाय कसा हाय आता?"

आई म्हणाली, बरा हाय, वाकत नाही. गुरुजी उठून आत निघून गेले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. दहा दिवस तो वॉकर त्यांनी ऐकला होता आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. मला आधी शरम वाटली, मग भीती. संध्याकाळी नवरा बिरसीहून आला आणि गाडी स्टँडवर लावतानाच थबकला. आमची पाटी पुसलेली होती. देश नाही, लोकसंख्या नाही. कोरी काळी.

त्याला जेवण गेलं नाही. मी आईला काही सांगितलं नाही, पण तिला समजलंच. म्हणाली, मले गावी नेऊन सोडा, मी पडून राहीन, कोनी ना कोनी येते पानी द्याले. ती असं बोलली तेव्हा मी तिच्यावर ओरडले. इतक्या मोठ्यानं ओरडले की ती गप्प झाली. सकाळी लवकर उठून आम्ही भांडी पोत्यात भरली. ठेला येईल म्हणून मी दाराकडं डोळे लावून बसले होते. रविवार होता.

ठेला आला नाही. दारावर टकटकसुद्धा झाली नाही. टकटक झाली ती भिंतीतून.

आमच्या खोलीत एका भिंतीला लोखंडी कपाट होतं. आम्ही राहायला यायच्या आधीपासूनचं, घरमालकाचंच. त्याच्या मागून आवाज येत होता. आधी काहीतरी ओढल्याचा, मग कुलूप हाणल्याचा. मग गुरुजींचा आवाज आला, "कपाट सरकवा."

नवऱ्यानं आणि मी कपाट सरकवलं. मागे दार होतं. भिंतीच्याच रंगाचं, इतकी वर्षं रंग खाऊन चौकटीला चिकटून बसलेलं. आतून दोन धक्के बसले, रंगाचे पापुद्रे पडले आणि दार उघडलं. पलीकडे गुरुजी उभे होते. डोक्यावर कोळ्याची जाळी, सदरा धुळीनं मळलेला, हातात हातोडी. त्यांच्या मागं एक खोली होती, झाडून पुसून ओली. एक खाट, खिडकी उघडी, कोपऱ्यात आच्छादन घातलेलं शिलाई मशीन. पाण्याची टाकी कुठंच नव्हती.

आमच्याकडं न बघता त्यांनी खिशातली टेप काढली, नवऱ्याच्या हातात एक टोक दिलं आणि ती खोली मोजायला घेतली. दहा फूट. मग आडवं. नऊ फूट. तसेच आमच्या खोलीतून बाहेर गेले. आम्ही मागं मागं. दारावरची पाटी त्यांनी मांडीवर घेतली आणि खडूनं लिहायला लागले. देश मोनॅको. लोकसंख्या ३. क्षेत्रफळ २७० चौरस फूट. घनतेपाशी ते थांबले, ओठ हलवत हिशेब केला, त्यांना तो करायची गरज नव्हती तरी केला, आणि लिहिलं: १,१९,५९९.

तोच आकडा. एकाचा फरक नाही.

"मोनॅकोतबी जागा पुरत नव्हती," ते पाटी टांगत म्हणाले. "मंग त्यायनं समुद्रात भर टाकली अन देश वाढवला. खरी गोष्ट हाय. पुस्तकात पाहा."

नवरा पायरीवर मटकन बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. माझा जीव भांड्यात पडला, मी दाराची चौकट धरून रडले. सरळ सांगते, आयुष्यात मला इतकं हलकं कधी वाटलं नाही, लग्नात नाही, नोकरी लागली तेव्हा नाही. आई आतून विचारत होती, काय झालं वो, कोनी सांगान काय मले?

दुपारी मी त्यांच्याकडे भात-वरण आणि सुरणाची भाजी घेऊन गेले. बैठकीतला नकाशा भिंतीवरून उतरवून खाली ठेवला होता आणि ते निळ्या चौकोनावर पांढरा कागद चिकटवत होते. मी डबा ठेवला. मग मी नियमाचंच विचारलं. नव्वद फूटच का? कोणत्या पुस्तकात आहे?

"पुस्तकात नाही," ते म्हणाले. "ती खोली तेवढी हाय."

मग सांगायला लागले. त्यांच्या बायकोची ती खोली. तिथंच ती शिवायची आणि तिथंच शेवटी आजारी पडून होती. चार वर्षांपूर्वी तिथंच गेली. "त्या दिवशी त्या खोलीत सोळा मानसं होती. भेटाले आलेले. मी मोजले. ती म्हने, हवा येऊ द्या. कोनी उठलं नाही. अन मीबी कोनाले उठ म्हटलं नाही, पाव्हने होते."

 ते कागदावर बोट फिरवून हवा काढत होते.

"मंग ती खोली मी पान्यात धरली," ते म्हणाले. "तुमच्या आईनं बाहेर काढली."

आई त्या खोलीत सात महिने राहिली. शिलाई मशीन हलवायचं का, असं गुरुजींनी तिसऱ्या दिवशी दारातून विचारलं, तर ती म्हणाली, राहू द्या, मले काय टोचते काय ते? पुढं ती बरी होऊन खुर्चीवर बसायला लागली तेव्हा तिनं मशीनखालच्या पेटीतली चिंध्यांची गठडी काढली आणि हातानं टाके घालून पाट्या पुसायला एक जाड फडकं शिवलं. तोवर गुरुजी बाहीनंच पुसायचे. तलावाचा वाद मात्र मिटला नाही. रोज सकाळी एक ओट्यावर, एक खिडकीत. गुरुजी म्हणायचे, जगात रीत आहे, पाणी वेगळं लिहितात आणि जमीन वेगळी. आई म्हणायची, जगाले सांगा माझ्याकडं येऊन जा. ते हरायचे नाहीत, ती तर त्याहून नाही. नाउरूच्या मुलीचा त्या सात महिन्यांत भूगोल इतका पक्का झाला की ती पास झाली, पण परीक्षेत पाणी धरायचं की नाही याचं तिनं काय लिहिलं ते तिनं दोघांनाही सांगितलं नाही.

आई स्वतःच्या पायांनी चालत गावी गेली. दोनेक वर्षांनी नवऱ्याला नागपूरला काम लागलं आणि आम्हीही निघालो. निघताना गुरुजींनी आमची पाटी पुसली, आईनं शिवलेल्या फडक्यानं. मला उगाच धाकधूक वाटत राहिली. आता ते पुन्हा कपाट सरकवतील, कुलूप लावतील आणि नकाशात पुन्हा निळा रंग येईल. नागपूरला ती गोष्ट मधूनच आठवायची आणि मी नवऱ्याला विचारायची, काय रे, त्यांनी खोली बंद केली असेल का? तो म्हणायचा, फोन करून विचार. तेवढं धाडस मला झालं नाही.

मागच्या दिवाळीत आईला घेऊन गेले. हातात चिवड्याचा डबा, आईच्या हातात काठी. फाटकातून आत शिरल्याबरोबर माझी नजर आमच्या दारावर गेली. देश मोनॅको. लोकसंख्या ३. क्षेत्रफळ २७०. घनता तीच. नवरा-बायको आणि त्यांची मुलगी राहत होती, आणि ती मुलगी आतल्या खोलीच्या खिडकीत बसून अभ्यास करत होती. खिडकी उघडी होती.

मग आईनं माझा हात ओढला आणि काठीनं दाखवलं. गुरुजींच्या दारावर नवी पाटी टांगलेली होती. लोकसंख्या १. खाली क्षेत्रफळ, घनता, सगळं रीतसर. गुरुजी बाहेर आले, अजून बारीक झालेले, खिशात टेप होतीच. आम्ही पाटीकडं बघतोय हे पाहून जरासे ओशाळले. म्हणाले, घराच्या लोकसंख्येची बेरीज दरवर्षी एकानं कमी यायची, चूक सापडतच नव्हती. "मी मलेच सोडून देत होतो."

मी नुसता चिवड्याचा डबा पुढं केला. आई मात्र पायरीवर काठी टेकवून बसली, पाय लांब केला आणि म्हणाली, "आमच्या गावात तलावाचं पानी वाटनारा मानूस हाय ना जी, तो आपल्या धानाच्या बांधीत सगळ्यायच्या मागून पानी घेते. पन घेते."

गुरुजींनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेले.